ढवळाढवळ

पस्तीस वर्षं कचेरीत साहेबांनी मला बढतीचं लॉलीपॉप दाखवलं. खरंखुरं लॉलीपॉप हाती यायला निवृत्ती उजाडावी लागली, आणि तेही स्वतःच करावं लागलं. नातीच्या वाढदिवसाला तिच्या वर्गातल्या बावीस मुलांना घरचे लॉलीपॉप वाटायचे, अशी घोषणा मी केली. सूनबाई "बरं बाबा" म्हणाली. सौभाग्यवतींनी न बोलता चांगलं पातेलं उचलून माळ्यावर ठेवलं.

कृती सोपी होती. तीन वाट्या साखर, एक वाटी लिक्विड ग्लुकोज, एक वाटी पाणी. पाक १५० अंश सेल्सिअसपर्यंत न्यायचा. घरात थर्मामीटर होता, पण तापाचा. त्याची मजल १०८ फॅरनहाइटच्या पुढे जात नाही. आईने तोड काढली. "गार पाण्यात थेंब टाकून बघ. मऊ गोळी वळली तर धीर धर. कट्‌कन मोडली की उतरव."

कृतीत एकच अट होती : साखर विरघळली की ढवळायचं नाही. आमच्या घराण्यात आजवर कुणी पाळली नसेल अशी ही अट. "अहो, खाली लागेल!" म्हणत सौभाग्यवतींनी डाव फिरवला. चिरंजीवांनी फोनवर बोलता बोलता फिरवला. विरजण मागायला आलेल्या शेजारीणबाईंनी, रिकाम्या हाती कसं जायचं म्हणून, दोन वेढे दिले. मग यजमान या नात्याने मीही दिले.

काचेसारखा नितळ पाक बघता बघता गढुळला, पांढरा पडला आणि पातेल्यात ढेप होऊन बसला. काठाला चिकटलेला साखरेचा एक कण आत पडला, तरी विरघळलेली सगळी साखर त्याच्या पक्षात जाते. ढवळल्याने तर पक्षांतराला जोरच येतो. आई म्हणाली, "अरे, पाडवा असता तर गाठी झाल्या असत्या!" खरंच होतं. गाठीचा पाक मुद्दाम घोटतात, म्हणून ती पांढरी आणि ठिसूळ होते. लॉलीपॉप म्हणजे साखरेची काच. तिथे हात बांधून बसावं लागतं.

दुसऱ्या खेपेला मी स्वयंपाकघरात संचारबंदी लावली. लिंबाचे चार थेंब घातले, म्हणजे साखर पुन्हा दाणे धरत नाही. थेंब कट्‌कन मोडल्यावर पातेलं उतरवून संत्र्याचा अर्क आणि रंग घातला. पाक फसफसून अंगावर आला, पण मी डगमगलो नाही. तूप लावलेल्या ताटांत चकत्या पाडल्या, काड्या रोवल्या. बावीस लखलखते लॉलीपॉप! रात्रभर येता-जाता ते बघून घेतले.

महिना जुलैचा. असली साखर हवेतलं पाणी ओढून घेते. सकाळी बावीस लॉलीपॉपांची आघाडी झाली होती. कोण कुणाला चिकटलंय, हे आघाडीलाही सांगता येईना. नात मात्र खूश. एवढं मोठं लॉलीपॉप वर्गात कुणीच आणलं नव्हतं म्हणे.

तुम्ही करणार असाल तर तीन गोष्टी सांगतो. गार होताच एकेक गोळी कागदात घट्ट गुंडाळा. पातेलं घासत बसू नका, पाणी घालून उकळा, सगळं सुटतं. आणि पाक चढवण्यापूर्वी स्वयंपाकघराचं दार आतून लावून घ्या.