खलनायिकेची साडी

पुणेकर सगळ्यांना नावं ठेवतात. आम्ही मांजरीकर 2021 साली महापालिकेत जाऊन अधिकृत पुणेकर झालो, तरी आमच्याकडे नावं ठेवतात ती द्राक्षांना. सोलापूर रस्त्यावरच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची वाणं बघा: मांजरी नवीन, मांजरी मेडिका, मांजरी श्यामा. कुणी सांगितलं नाही, तर साड्यांचं नवं कलेक्शनच वाटावं. कलेक्शन हल्ली कुठल्या नट-नटीचं नाही?

पूर्वी मॉडेल मंडळींचा प्रवास उलट होता. 1995 साली मिलिंद सोमण आणि मधू सप्रे यांनी बुटांच्या एका जाहिरातीत फक्त बूट घातले. बाकी पांघरूण म्हणून एक अजगर. खटला चालला, 2009 साली दोघं निर्दोष सुटले. तोवर सोमण 1998 मध्येच दूरदर्शनवर ‘कॅप्टन व्योम’ होऊन आपादमस्तक अंतराळवीराच्या पोशाखात शिरले होते. अजगरापासून तिथपर्यंत, तीन वर्षांत एवढे कपडे फार थोड्यांनी चढवले असतील.

आताच्या मंडळींनी पुढचं पाऊल टाकलंय. दुसऱ्यानं दिलेले कपडे घालून मिरवण्यापेक्षा आपलेच विकावेत. तेजस्विनी पंडित आणि अभिज्ञा भावे या दोघींनी नावांचा संधी करून ‘तेजाज्ञा’ काढलं. शाळेत शिकलेल्या व्याकरणाचा बाजारात उपयोग होताना मी पहिल्यांदा पाहिला. (तेज दिसलं की आज्ञा पाळायची, असा विग्रह आमच्या हिनं केला आणि पाकीट माझं उघडलं.) निवेदिता सराफ यांची ‘हंसगामिनी’ आहे, प्राजक्ता माळी यांचे दागिने आहेत. हसण्यासारखं यात काही नाही, खरं तर. मालिका कधी गुंडाळतील याचा नेम नसतो आणि केलेल्या दिवसांचे पैसे तीन-तीन महिन्यांनी हातात पडतात. साडी मात्र गुंडाळण्यासाठीच असते, आणि पैसे आधी येतात.

हसायचं ते आमच्या सोसायटीला. 2016 साली ‘खुलता कळी खुलेना’ ही मालिका सुरू झाली आणि अभिज्ञा भावेंची खलनायिका मोनिका घराघरात शिव्या खाऊ लागली. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू तिच्या नावानं बोटं मोडायच्या, “मेलीला लाज कशी वाटत नाही!” आणि जाहिराती लागल्या की त्याच सुरात, “ब्लाऊजचा गळा काय सुंदर शिवलाय गं!” सोशिक नायिकेची साडी विचारलेली मी आजवर ऐकलेली नाही. बिचारी डोळे पुसते, तो पदर कोण विकत घेणार? सद्गुण पाहायचे आणि दुर्गुण नेसायचे, अशी वाटणी बायकांनी कधीच करून टाकलीय.

म्हणून मीही धंद्यात उतरायचं ठरवलं. भांडवल नाही, पण नावं गावातच तयार आहेत. पहिली साडी ‘मांजरी मेडिका’. या द्राक्षाचा रस गडद जांभळा, म्हणजे रंगाचाही प्रश्न मिटला. काकूंना जाहिरात करून दाखवली. मुख्य मॉडेल खलनायिकाच असेल, हेही सांगितलं.

काकू विचारात पडल्या. मग म्हणाल्या, “रस अंगावर सांडला तर डाग जात नाही हो त्याचा. साडीचा रंग जातो का, तेवढं सांगा. आणि फॉल-पिको तुमच्याकडून ना?”