एक ग्राहक, रुपये ४,४५० फक्त

डिजिटल ग्रोथ कन्सल्टंट महोदयांस,



पत्रास कारण की, आपल्या महिनाभराच्या सेवेचा हिशेब काल रात्री पुरा झाला. पॅकेज १५,००० रुपयांचं, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १७,७००. जाहिरातीचे रोज ३०० प्रमाणे तीस दिवसांचे ९,०००. एकूण २६,७००. ऑर्डरी आल्या ११. त्यातल्या आठ कॅश ऑन डिलिव्हरी, पैकी पाच जणांनी दारात उभ्या कुरिअरवाल्याला ‘आम्ही काही मागवलंच नाही’ असं सांगून वाटेला लावलं. राहिले सहा. म्हणजे एक ग्राहक मला ४,४५० रुपयांना पडला. एवढ्यात मी त्याला सांगलीला बोलावून वर्षभर मेतकूट-भात वाढला असता, वर तूप घालून, आणि दुपारी आडवं व्हायला सतरंजी दिली असती ती वेगळीच.

पाव किलोच्या पुडीमागे मला ३५ रुपये सुटतात. खर्च भरून यायचा तर ७६३ पुड्या खपायला हव्यात, म्हणजे जवळजवळ १९१ किलो मेतकूट. मी एका वेळी चार किलो करते. बाकीचा हिशेब आपण लॅपटॉपवर करालच.

आपल्या ज्ञानाबद्दल शंका नाही. पहिल्या मीटिंगमध्ये आपण विचारलंत, ‘मॅम, सध्या सेल कुठून येतो?’ मी म्हटलं, एकीनं दुसरीला सांगितलं की येतो. आपण मान हलवून म्हणालात, ‘म्हणजे सगळं ऑर्गॅनिक आहे.’ मी घाईघाईनं खुलासा केला की नाही हो, डाळी साध्याच आहेत, मार्केट यार्डातल्या. आपण हसलात. आता कळतं की तो शब्द आपल्याकडे फुकट आलेल्या गिऱ्हाइकाला वापरतात, आणि तो कौतुकानं वापरत नाहीत. ‘ऑर्गॅनिक स्केल होत नाही’ हे आपलं वाक्य मी वहीत लिहून घेतलं होतं.

मग आपला मार्केटिंगचा तक्ता आला. एसईओ, ईमेल, इन्फ्लुएन्सर, बल्क एसएमएस, सगळंच करायचं, कारण ‘आपल्याला सगळीकडे दिसायचंय.’ ईमेलसाठी माझ्याकडे पत्ते होते नऊ, त्यातले दोन माझेच. एसएमएससाठी आधी कंपनीची, मग मजकुराची नोंदणी करायची, हे पॅकेज घेऊन झाल्यावर कळलं. इन्फ्लुएन्सरबाईंनी ८,००० आणि फराळाचा एक डबा मागितला. तिथं मी पहिल्यांदा नाही म्हटलं, आणि महिनाभरातलं माझं तेवढंच शहाणपण.

आपल्या तिसऱ्या स्लाइडवर लिज्जत पापड होता. ‘बघा मॅम, ब्रँडिंग!’ १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरुवात केली, हे खरं. पण त्यांनी पहिली चार पाकिटं भुलेश्वरच्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडे नेऊन दिली होती. आपल्या भाषेत हे ऑर्गॅनिक, स्केल न होणारं. पुढच्या स्लाइडवर अमेरिकेतल्या कंपन्यांचं ‘कंटेंट मार्केटिंग’ होतं. अहो, आमच्याच जिल्ह्यात, किर्लोस्करवाडीला, शंकरराव किर्लोस्करांनी १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ काढली ती कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकापर्यंत पोचावी म्हणून. लोखंडी नांगरानं जमीन नासते असं शेतकरी म्हणत, त्या काळातून आलेला तो नांगरांचा कारखाना. कोणाला काय विकायचंय आणि तो का बिचकतोय, एवढं त्यांना ठाऊक होतं. आपण मात्र माझं गिऱ्हाईक कोण, हे महिनाभरात एकदाही विचारलं नाहीत.

माझं खरं दुखणं इथं आहे. बाकीचं सोडून देते.

मेतकूट कोण घेतं? लेकाचा ताप उतरलाय आणि तोंडाला चव नाही, ती आई घेते. पहिलटकरणीची आई घेते. न्यू जर्सीला निघालेल्या मुलाच्या बॅगेत दोन पिशव्यांच्या आत तिसरी घालून कोंबणारा बाप घेतो. आपण जाहिरात दाखवलीत १८ ते २४ वयाच्या ‘फूड अँड फिटनेस’वाल्यांना, देशभर. मेतकूट हे नाव ‘कन्व्हर्ट होत नाही’ म्हणून वर लिहिलंत ‘ट्रेडिशनल सुपरफूड प्रीमिक्स’. मला बावन्नाव्या वर्षी पुडी हातात धरून गाण्याच्या ठेक्यावर डावी-उजवीकडे डोलायला लावलंत. त्या रीलला ४७,००० व्ह्यूज मिळाले. आमच्या बोळातली पोरं अजून मला बघून डोलतात. आणि खाली एका मुलानं विचारलं, ‘हे दुधातून घ्यायचं की पाण्यातून? व्यायामाआधी की नंतर?’ त्याचा काय दोष? मी त्याला उत्तर लिहिलं: भातातून, आजारी पडल्यावर.

विक्री का नाही, असं विचारलं की आपण म्हणायचात, ‘अल्गोरिदम लर्निंग फेजमध्ये आहे.’ आठवड्यात साधारण ५० खरेद्या झाल्या की तो शिकून बाहेर पडतो, हेही आपणच सांगितलंत. अहो, माझ्या महिन्याला पन्नास पुड्या मुश्किलीनं जातात. म्हणजे हा जन्मभर बालवाडीत बसणार आणि फी मी भरणार! ही गोष्ट आपल्याला पहिल्या दिवशी माहीत होती की नव्हती?

वाकडच्या एका सोसायटीतल्या बाई दर दोन महिन्यांनी एकदम चौदा पुड्या मागवतात, आपल्या मजल्यावरच्यांच्या मिळून. त्या मला कशा मिळाल्या? पुडीत मी एक चिठ्ठी घालते: मऊ भात, तूप, मीठ, दोन चमचे मेतकूट, आणि खाली माझा नंबर. कुणीतरी ती चिठ्ठी फ्रिजवर लावली होती. चिठ्ठीचा खर्च ४० पैसे. व्हॉट्सअ‍ॅपवर माझी २१२ नावांची ब्रॉडकास्ट यादी आहे. २५६ पर्यंत जाते, आणि ज्यांनी माझा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. आपल्याला ती अडचण वाटली. मला वाटतं, ज्या बाईनं ‘मेतकूटवाल्या काकू’ म्हणून नंबर सेव्ह केलाय, तिच्यापेक्षा भारी ‘ऑडियन्स’ कुठून आणू? माझे ९,००० त्या यादीतल्यांना छटाकभर नमुना पाठवण्यात गेले असते तरी मला वाईट वाटलं नसतं.

आणि ते २६,७०० कुठले होते, हे सांगून टाकते. त्यातले २५,००० बचत गटातून उचललेले, दिवाळीच्या डाळी, पोहे, भाजणीसाठी. दर महिन्याच्या दहा तारखेला मी इतर अकरा जणींसमोर बसते आणि वहीत सही करते. त्यातली एक धुणीभांडी करते. ‘ऑनलाइनचं कसं चाललंय?’ असं तीच सगळ्यात कौतुकानं विचारते. तिला काय सांगू? ब्रँड अवेअरनेस वाढला? रिपोर्टात आपण ‘एंगेजमेंट ३०० टक्क्यांनी वर’ असं हिरव्या बाणानं दाखवलंत. लाज नाही वाटली तो बाण काढताना? आधी चार लाइक पडायचे, आता सोळा पडतात, एवढाच त्याचा अर्थ!

गेल्या मंगळवारी दुपारी आपला फोन आला, पॅकेज ‘रिन्यू’ करायचा. मी मेथ्या भाजत होते. मेतकुटात मेथ्या अगदी थोड्या असतात, पण त्या मंद आचेवर, हलत्या हातानं, रंग फिरायच्या आत उतरवाव्या लागतात. आपण ‘फक्त दोन मिनिटं मॅम’ म्हणालात आणि फनेल समजावत राहिलात. फोन ठेवला तेव्हा मेथ्या काळ्या झाल्या होत्या. वास घरभर. मी त्या फेकल्या आणि पहिल्यांदा आपल्याला अशी शिवी दिली जी इथं लिहीत नाही.

रात्री साडेनऊला पुन्हा फोन. मी खडसवायच्या तयारीत उचलला. मागे पंधरा-वीस जणांचं एकच बोलणं चालू होतं, ‘हॅलो मॅम, हॅलो सर.’ आवाज बसलेला, दर वाक्याला खोकला. मी नाही म्हटल्यावर पलीकडे गप्प. मग, ‘मॅम, महिन्याला सहा रिन्यूअल लागतात. माझी दोनच झालीत.’ आणि ऑफिसातलं मराठी सोडून एकदम घरच्या बोलीत: ‘आई करायची मेतकूट. इथं मेसचं खाऊन पोट बिघडलंय.’

अरे, मग जाहिरात लिहिताना हे का नाही आठवलं तुला? ‘सुपरफूड’ कुठून सुचलं? तुझ्या वरच्यानं सांगितलं असेल, तो तक्ताही त्याचाच असेल. तू हेडफोन लावून माझ्यासारख्या बायकांना दिवसभर स्केल करत बसतोस आणि रात्री मेसमध्ये पाणचट डाळ खातोस.

रिन्यू करणार नाही. पाच स्टारांचा रिव्ह्यू मागितला होतास, तोही देणार नाही. खोकला आहे तोवर कोमट पाणी पी. पत्ता पाठव, उद्याच्या दळणातली एक पुडी टाकते, चिठ्ठी आत असेल. पण पैसे आधी. कॅश ऑन डिलिव्हरी मी बंद केलीय.

अनेक आशीर्वाद,
मेतकूटवाल्या काकू, गावभाग, सांगली