चादरीचं पानिपत

गेल्या दिवाळीत मुलीने माझा नवा शर्ट उलटा करून पाहिला. तेव्हा तो माझ्या अंगातच होता. तिने मागून कॉलर ओढली, आतली पट्टी वाचली आणि म्हणाली, "बाबा, बांगलादेश." माझा साखरेचा रिपोर्ट वाचताना तिचा जो आवाज लागला होता, तोच.

मग तिने राणा प्लाझा सांगितलं. ढाक्याजवळच्या सावरमध्ये आठ मजली इमारत, वरच्या मजल्यांवर कपडे शिवायचे कारखाने. आदल्या दिवशीच भिंतींना तडे गेलेले दिसले. खालच्या बँकेने आपली माणसं घरी पाठवली. शिवणाऱ्यांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं, आणि २४ एप्रिल २०१३च्या सकाळी इमारत खाली बसली. अकराशेवर माणसं गेली.

"अगं, पण त्यांच्याकडे सूत आपल्याकडूनच जातं," मी म्हणालो. का म्हणालो, देव जाणे. अडचणीत सापडलेला बाप काहीही बोलतो.

त्या दिवसापासून घरात नियम झाला. कुठे बनलं, कोणी बनवलं आणि त्याला काय मिळालं, हे कळल्याशिवाय कापड उंबऱ्याच्या आत येणार नाही. मी बनियन घ्यायला गेलो. दुकानदार म्हणाला, तिरुप्पूर. मी विचारलं, तिरुप्पुरात कुठे? मालक कोण? माणसं कशी आहेत? तो म्हणाला, "साहेब, बनियन आहे, स्थळ नाही."

पण माझ्याकडे हुकमाचं पान होतं. मी मूळचा सोलापूरचा. पूर्वभागात आमच्या भिंतीला भिंत लावून अण्णा राहायचे. पद्मशाली विणकर. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी, आणि मागाला शिव्या दोन्ही भाषांत. डोक्यावर जॅकार्डच्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरायची आणि खाली चादरीत मोर उतरायचे. रात्रभर खटक-खटक चाले. लाइट गेली की आवाज थांबायचा आणि त्या शांततेने दचकून गल्लीतली तान्ही पोरं एकदम रडायला लागायची. शिवाय सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे पत्ता सरकारनेच लिहून दिलेला. "चल," मी मुलीला म्हणालो, "तुला स्वच्छ कापड दाखवतो."

सोलापूर स्टँडजवळच्या दुकानात चादरींच्या थप्प्या छताला टेकलेल्या. दुकानदाराने उशीसारखी एक चादर पुढे ढकलली आणि विचारलं, "काय ओ सर, ओरिजिनल दाखवू का सोलापुरी?"

मी म्हणालो, "म्हणजे?"

"सोलापुरी म्हणजे डिझाइन सोलापुरी. माल पानिपतचा."

१७६१ साली आपण तिथे गेलो होतो, ते निदान लढायला. आता पानिपत ट्रक भरभरून सोलापुरात उतरतं आणि आपण बिल मागतो. मुलगी मात्र खूश झाली. पानिपतची तिला माझ्यापेक्षा जास्त माहिती होती, आणि ती सदाशिवरावभाऊंची नव्हती. परदेशांत टाकून दिलेले कपडे जहाजाने कांडल्याला येतात, पुढे पानिपतला जातात. तिथे बायका त्यांच्या गुंड्या आणि झिपा कापून काढतात, रंगारंगाचे ढीग लावतात. मग मशीन ते फाडून पिंजतं, त्याचं पुन्हा सूत होतं आणि सुताची ब्लँकेटं. "म्हणजे ही खोटी चादर पर्यावरणाला बरी असेल का?" तिने विचारलं. चादर त्या सुताची आहे की कसल्या, हे दुकानदाराला सांगता येईना. तिने ओरिजिनलवर हात ठेवला. "आणि ही विणणाऱ्याला एका चादरीमागे काय मिळतं?"

दुकानदार म्हणाला, "चहा सांगू का?"

मी खाली बघत होतो. अण्णांना मजुरी नगावर होती. लाइट गेली की आमची झोप जायची आणि त्यांची मजुरी. आम्ही शिव्या घालायचो, तेही घालायचे. दोघे एकाच गोष्टीला घालतोय असं मला तेव्हा वाटायचं. आणि आता आठवतं तसं, अण्णांच्या अंगावर सोलापुरी चादर मी कधी पाहिली नाही. ते जुन्या लुगड्यांची वाकळ घ्यायचे.

चहा चांगला होता. एक ओरिजिनल घेतली. बायकोने फोनवर सांगितलं म्हणून पाहुण्यांसाठी एक 'सोलापुरी' पण. नियमाचं काय, असं मुलीने विचारलं तेव्हा मी थप्प्यांकडे बघितल्यासारखं केलं.

पाहुण्यांची चादर दोन धुण्यांतच भुरभुरली. बायकोने ती बोहारणीपुढे टाकली. बदल्यात झाकणाचा डबा हवा होता. बोहारणीने चादरीचा कोपरा दोन बोटांत चोळला, उजेडात धरला आणि परत ढकलला.

"ही नगं. सोलापुरी आसंल तर दावा."

"अहो, सोलापुरीच आहे."

"मला सांगताय व्हय?" ती हसली. "पानपतची हाय ही." मग तिची नजर माझ्यावर आली. कॉलरवरून बाहीपर्यंत सावकाश फिरली. मुलगी दारात उभी होती.

"दादा, अंगातला शर्ट देता का? त्याच्यावर डबा देते. झाकणासकट."