तीन शिट्ट्यांचा मास्क

चन्नम्मा सर्कलला उड्डाणपुलाचं काम सुरू झालं आणि हुबळीच्या घराघरांतले मास्क कपाटातून पुन्हा बाहेर आले. आमच्या धुळीला कोरोनाइतका मान नाही, पण ती वक्तशीर आहे. कोप्पीकर रोडकडे वळणाऱ्या स्कूटरवाल्यांच्या तोंडावर बघा. तोच निळा, तीन पदरी, ‘एकदाच वापरा’ जातीचा मास्क. जाणत्या नजरेला लगेच कळतं, हा २०२०चा माल. निळ्याचा आकाशी झालाय, आकाशीचा पांढरट. एक दोरी जन्माची आहे, दुसरी परकराच्या नाडीची.

एका दिवसाचं आयुष्य घेऊन आलेला हा जीव इतकी वर्षं जगला कसा, यावर धारवाडच्या विद्यापीठात कुणी तरी पीएचडी करायला हवी. मार्गदर्शक म्हणून आमच्या गल्लीतल्या काकू बिनपगारी उपलब्ध आहेत.

काकूंचं घर म्हणजे जिथे पेढ्याच्या रिकाम्या खोक्यात लाइटबिलं, लाइटबिलांच्या पाठकोऱ्या बाजूवर वाण्याची यादी, आणि यादीच्या पुंगळीत कुंकू. अशा घरात वस्तू ‘एकदाच वापरा’ म्हणून सांगणं हा उद्धटपणा झाला. त्यातून तो काळ आठवा. २१ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने तीन पदरी मास्कची किंमत जास्तीत जास्त १० रुपये, अशी बांधून दिली. भाव बांधल्याबरोबर माल सुटला. मेडिकलवाले अण्णा हात जोडून सांगायचे, ‘दर आहे री, मास्क नाही.’ मग ज्याला जो मास्क मिळाला, त्याने तो जन्माचा म्हणून स्वीकारला.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आरोग्य मंत्रालयाने पुस्तिका काढली. तोंड झाकायला घरच्या घरी कापडाचा मास्क शिवा, आणि तो रोज असा स्वच्छ करा: साबण-गरम पाण्याने धुऊन किमान ५ तास कडक उन्हात वाळवा. किंवा प्रेशर कुकरमध्ये पाण्यात घालून किमान १० मिनिटं उकळा, पाण्यात मीठ टाकलं तर उत्तम. कुकर नसेल तर साध्या पातेल्यात १५ मिनिटं. नाही तर धुऊन ५ मिनिटांपर्यंत उष्णता द्या, इस्त्री चालेल. भारत सरकारच्या इतिहासात इतकी चविष्ट पुस्तिका दुसरी निघाली नसेल. मीठ चवीनुसार, एवढंच लिहायचं राहिलं होतं.

या पुस्तिकेतला ‘कापडाचा’ हा शब्द सोडून बाकी सगळं आमच्या गल्लीने तोंडपाठ केलं. काकूंनी दुकानातून आणलेले निळे मास्क कुकरात घातले, मीठ टाकलं, तीन शिट्ट्या काढल्या.

मी म्हटलं, ‘काकू, ते कापडी मास्कचं सांगितलंय.’

‘मग हा काय लोखंडाचा आहे?’

लोखंडाचा नव्हता, प्लास्टिकचा होता. पॉलिप्रोपिलीन. पण काकूंना हे सांगणार कोण? ज्या कुकरात सकाळी मास्क, त्याच कुकरात दुपारी तुरीची डाळ. त्या वर्षी काकूंच्या आमटीला जो वेगळा वास यायचा, तो आम्ही ब्याडगी मिरचीच्या माथी मारला.

वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी इस्त्रीचा मार्ग धरला. पॉलिप्रोपिलीन १६० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं आणि सुती कपड्यांवर ठेवलेली इस्त्री २००च्या घरात जाते, हे गणित मास्तरांना येत नव्हतं असं नाही. त्यांनी ते प्रयोगाने सिद्ध केलं. अर्धा मास्क इस्त्रीला चिकटला, अर्धा धोतराला. ‘इस्त्री तर निर्जंतुक झाली,’ म्हणून त्यांनी समाधान मानलं. मेडिकलवाले अण्णा जास्त आधुनिक. ते मास्कवर दर तासाला सॅनिटायझर फवारायचे आणि त्या वासाने दिवसभर प्रसन्न असायचे.

आता विज्ञान काय म्हणत होतं ते ऐका, म्हणजे आपण किती चिकाटीने त्याच्या उलट वागलो हे कळेल.

या मास्कचा सगळा जीव मधल्या पदरात असतो. तिथल्या धाग्यांवर कारखान्यातच स्थिर विद्युतभार चढवलेला असतो. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो, तसे हे धागे हवेतले सूक्ष्म कण ओढून धरतात. ही युक्ती एन-९५ मास्कात ज्यांच्यामुळे आली ते पीटर त्साई हे तैवानमध्ये जन्मलेले शास्त्रज्ञ अमेरिकेत निवृत्त होऊन बसले होते. २०२०मध्ये जगभरचे लोक त्यांना एकच प्रश्न विचारू लागले: हा धुवायचा कसा? त्यांचं म्हणणं साधं होतं. धुऊ नका. कोरडी उष्णता द्या, नाही तर चार-सहा मास्क ठेवा आणि आळीपाळीने वापरा, मधल्या दिवसांत विषाणू आपोआप मरतो.

त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या यी च्वी यांच्या गटाने मास्कच्या कापडाचे हाल करून पाहिले. ८५ अंशांच्या, फारशी दमट नसलेल्या उष्णतेत ५० वेळा तापवलं तरी गाळण्याची ताकद जवळपास तशीच राहिली. अल्कोहोल आणि घरगुती ब्लीच लागलं की मात्र ती ढासळली. वाफही फार वेळा मानवेना. म्हणजे अण्णांचा सुगंधी मास्क विषाणू मारता मारता स्वतः वारला होता, आणि दिसायला अगदी नवा होता. जिवंत असल्याचा आव आणून तोंडावर बसलेला मृत मास्क नागव्या तोंडापेक्षा धोक्याचा, कारण नागवं तोंड निदान घाबरून लांब उभं राहतं.

गंमत अशी की कुकरही शास्त्रात बसला. इलिनॉय विद्यापीठातल्या थान्ह न्गुएन आणि विशाल वर्मा यांनी दाखवून दिलं की विजेच्या कुकरात तळाशी टॉवेल घालून, एन-९५ मास्क १०० अंशांच्या कोरड्या उष्णतेत ५० मिनिटं ठेवला तर तो निर्जंतुक होतो आणि वीसदा असं केलं तरी कामाचा राहतो. हे ऐकून काकूंनी माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं. त्यात पाणी नाही, मीठ नाही आणि शिट्टी तर नाहीच नाही, हे मी सांगितल्यावर त्या म्हणाल्या, ‘बिनपाण्याचा कुकर? अमेरिकेत बायकांना घरी कुणी विचारत नाही वाटतं.’

शिवाय ७० अंशांच्या उष्णतेत हा विषाणू मरतो, पण सगळे जीवाणू मरत नाहीत. काहींचे बीजाणू त्या तापाला भीक घालत नाहीत. म्हणून ज्याचा मास्क त्यानेच पुन्हा लावावा, असा नियम. आमच्याकडे मास्क कुटुंबाचा असे. खुंटीला एक टांगलेला, दाराबाहेर पडेल त्याने लावायचा. आजोबा पेन्शनला गेले की त्यांच्यासोबत, ते आले की नातवासोबत किराण्याला. मास्क तापवायला धारवाडच्या मे महिन्याच्या उन्हावर आमचा भारी विश्वास. पण ते ऊन चाळिशीच्या आत-बाहेर घुटमळतं, सत्तरी गाठत नाही. सत्तरी गाठली होती ती आजोबांनी.

खरी चेष्टा तर पुढेच आहे. धारवाडजवळच्या गरगची खादी आणि हुबळीच्या बेंगेरीत शिवला जाणारा राष्ट्रध्वज यांवर आम्ही छाती फुगवून बोलतो. त्या कापडाचे धागे मोजले जातात, वजन होतं, रंग तपासतात, भारतीय मानक ब्यूरोच्या कसोटीला उतरल्याशिवाय झेंडा फडकत नाही. उकळायला, वाळवायला, इस्त्री करायला सरकारने सांगितलं होतं ते हेच सुती कापड, आणि ते आमच्या उंबऱ्यावर होतं. आम्ही ते सोडून प्लास्टिक उकळलं. कारण कापडी मास्क घरगुती दिसतो आणि निळा मास्क डॉक्टरी दिसतो. आरोग्य असो नसो, आरोग्यासारखं दिसायला हवं.

या सगळ्या तपश्चर्येनंतर तो मास्क राहायचा कुठे? हनुवटीला. दुर्गदबैलला गिरमिट आणि मिरची भजी खाताना मास्क खाली घ्यावाच लागतो, इथवर कुणाची तक्रार नाही. पण गिरमिट संपल्यावर तो वर जात नसे. मास्क वर जायचा तो पोलीस दिसल्यावर. यावर कर्नाटक सरकारने अक्सीर इलाज काढला. सप्टेंबर २०२०च्या अखेरीस शहरात विनामास्क फिरणाऱ्याला १००० रुपये दंड जाहीर झाला. लोक ओरडले, तसा आठवड्याभरात तो शहरात २५० आणि खेड्यात १०० वर आला. आता हिशेब करा. मास्क १० रुपयांचा, दंड २५०चा. एका दंडात २५ नवे मास्क येतात. तरी आम्ही दंड भरला आणि मास्क उकळला. काटकसर ही आमच्याकडे अर्थशास्त्रात मोडत नाही, ती कुळाचारात मोडते.

सरकारही एका तोंडाने बोलत नव्हतं, कारण सरकारलाही मास्क होता. आरोग्य खातं म्हणे (निदान गल्लीने ऐकलं ते असं), उकळून वापरा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ म्हणे, वापरलेला मास्क ७२ तास कागदी पिशवीत ठेवा आणि कचऱ्यात टाकण्यापूर्वी कापा, म्हणजे तो पुन्हा कुणी वापरणार नाही. कागदी पिशवीत तीन दिवस राहिलेला मास्क ही काकूंच्या लेखी जवळपास नवी वस्तू. ती कात्रीने कापायची? आमच्या गल्लीत त्या आदेशाचा पूर्वार्ध तेवढा पाळला गेला.

पुनर्वापराची भरारी मात्र जळगावची मानावी लागेल. एप्रिल २०२१मध्ये तिथे गाद्यांच्या एका कारखान्यात कापसाऐवजी वापरलेले मास्क भरत असल्याचं पोलिसांना आढळलं. दिवसभर तोंडावर बाळगलेला विषाणू रात्री पाठीखाली घेऊन झोपायची सोय. गुन्हा दाखल झाला आणि पोलिसांनी मास्कांचा तो ढीग पेटवून दिला. एकदाच वापरायच्या मास्कांचं उष्णतेने केलेलं इतकं निर्विवाद निर्जंतुकीकरण दुसरं झालं नसेल.

हसून झालं असेल तर एक बारीकशी गोष्ट. मास्क तापवून पुन्हा वापरण्याची ही विद्या मुळात तुमच्या-माझ्यासाठी निघालीच नव्हती. ती निघाली दवाखान्यांसाठी, आणि शोधाची आई नेहमीचीच: टंचाई. अमेरिकेने मार्च २०२०च्या अखेरीस एन-९५ मास्क हायड्रोजन पेरॉक्साइडच्या वाफेने शुद्ध करणाऱ्या यंत्रांना परवानगी दिली, आणि माल मुबलक झाल्यावर जून २०२१मध्ये असल्या सगळ्या यंत्रांची परवानगी काढून घेतली. आता नवा वापरा, जुना फेका, विषय संपला. दिल्लीच्या एम्समध्ये डॉक्टर-परिचारिकांना ५ एन-९५ मास्कांवर २० दिवस काढायला सांगितलं गेलं. मास्कवर क्रमांक टाका, वापरून झाला की कागदी पिशवीत सुकवा, पाच दिवसांनी तोच पुन्हा. कागदावर शास्त्रशुद्ध, पण ज्याच्या समोरचा रुग्ण खोकतोय, त्याला ते शास्त्र किती धीर देत असेल?

आणि आमच्या दारात येणारी आशा सेविका? ताप आहे का, मुंबई-पुण्याहून कोण आलंय, हे विचारत ती घरोघर फिरत होती. कर्नाटकातल्या आशांनी १० जुलै २०२० पासून काम बंद ठेवलं. मागण्या दोन: महिना १२,००० रुपये मानधन, आणि पुरेशी संरक्षण साधनं. त्याच्या आधी त्यांच्यासाठी आपण थाळ्या वाजवल्या होत्या, फुलं उधळली होती. थाळ्या काकूंकडे आहेत अजून. मास्क तेवढे द्यायचे राहून गेले. ज्याच्या कपाटात पन्नासाचं खोकं, त्याने एकच मास्क उकळून उकळून काटकसरी म्हणवून घेतलं. जिला रोज नवा हवा होता, तिला काटकसरीचे धडे मिळाले. टंचाई पुरवठा खात्यात होते आणि सद्‍गुण आशेच्या पदरात पडतो. उष्णतेने विषाणू मरतो, ही व्यवस्था मरत नाही. ती ८५ अंशांत ५० वेळा तापवा, जशीच्या तशी बाहेर येते.

तेव्हा महानगरपालिकेपासून मंत्रालयापर्यंत सर्व संबंधितांना आमच्या गल्लीतर्फे नम्र विनंती. पुढची साथ येईल तेव्हा नवी परिपत्रकं काढण्याचा खर्च करू नये. मागच्या वेळची आम्ही धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवली आहेत, ती कितीही वेळा वापरता येतात. मास्क तेवढे नवे पाठवा, आणि त्यातलं पहिलं खोकं आशेच्या हातात द्या.