तहकूब सभेस अनावृत पत्र

सन्माननीय वार्षिक सर्वसाधारण सभा यांस,
मुक्काम : गच्ची किंवा स्टिल्ट पार्किंग (पाऊस असेल त्याप्रमाणे)



पत्रास कारण की, इतके दिवस आपला ठावठिकाणा सोसायटीत कुणालाच सांगता येत नव्हता. 'कोविड-१९च्या पार्श्वभूमीवर सभा पुढील सूचनेपर्यंत तहकूब' असा कागद नोटीस बोर्डाच्या काचेआड लागला. त्यावरचा सोसायटीचा गोल शिक्का उन्हाने जांभळ्याचा गुलाबी झाला, टाचण्या गंजल्या, पण पुढील सूचना काही येईना. बोर्डाच्या कुलपाची किल्ली सेक्रेटरींकडे असते.

खरं तर आपलं घराणं मोठं. आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत, आपल्याला बोलवायलाच हवं, असं महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मधलं कलम ७५ बजावतं. २०१२मध्ये ९७व्या घटनादुरुस्तीने तर आपल्याला थेट राज्यघटनेत नेऊन बसवलं. आणि योगायोग पाहा, इकडे आपण तहकूब असतानाच, २० जुलै २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांतल्या सहकारी संस्थांपुरता तो भाग रद्द ठरवला. कारण? निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती घ्यायची राहून गेली होती. थोडक्यात, घटनादुरुस्तीचाही कोरम भरला नव्हता! (राज्याच्या कायद्यातलं कलम शाबूत आहे, काळजी नसावी.)

सुरुवातीचे महिने आपल्याला कुणी बोलावलं नाही, याबद्दल कमिटीला बोल लावणं बरं नव्हे. शेजारच्या काकांना ॲम्ब्युलन्समध्ये चढवताना त्यांच्या घरच्यांनाही सोबत जाता येत नव्हतं, तेव्हा ताळेबंदाची चौकशी कोण करणार? सरकारनेही मार्च २०२०मध्ये सहकारी संस्थांच्या निवडणुका तीन महिने पुढे ढकलल्या आणि मग त्या मुदतीला मुदतवाढ देत राहिलं. मुदत संपलेल्या कमिट्यांना कारभार चालू ठेवायची मुभा मिळाली, सभांची तारीखही लांबवून मिळाली. सगळं कायद्यात बसणारं.

मौज एवढीच की बंद फक्त आपण होतात. कमिटी कधी नव्हे इतकी जोरात होती. रात्री अकराला व्हॉट्सॲप ग्रुपवर कल्पना सुचायची, चार अंगठे वर व्हायचे आणि सकाळी वॉचमनच्या हातात नवा नियम. पेपर बंद. पार्सल गेटवर. घरकामाच्या मावशी बंद. पुढे त्या सुरू झाल्या, पण लिफ्ट त्यांना बंद. लिफ्टमध्ये थर्माकोलच्या तुकड्यात टूथपिक खोचून ठेवलेल्या. एक उपसायची, तिने बटण दाबायचं आणि खालच्या डब्यात टाकायची. तेव्हा अशा उत्साहाला आवर घालायला सहकार खात्यालाच सांगावं लागलं, की बाबांनो, सरकारने घातलेल्या निर्बंधांवर आणखी आपले निर्बंध लादू नका.

एप्रिल २०२१मध्ये 'ब्रेक द चेन'चा आदेश आला. पाचपेक्षा जास्त रुग्ण असलेली सोसायटी सूक्ष्म प्रतिबंधित क्षेत्र ठरणार, गेटवर तसा फलक लावायचा, नाहीतर १०,००० रुपये दंड. फलक तासाभरात लागला. दंड म्हटला की काय हालचाल होते!

मग प्रश्न उरतो ऑनलाइन सभेचा. ती वाटही सरकारने मोकळी करून दिली होती. कमिटीचं उत्तर होतं, "ज्येष्ठ सभासदांना ते झेपणार नाही." हेच ज्येष्ठ सभासद न्यू जर्सीतल्या नातीच्या बारशाला झूमवर पाळणा म्हणत होते. उलट झूमवर कोणत्याही कटकट्या सभासदाचा आवाज सेक्रेटरींना एका बोटाने बंद करता आला असता. सहकार चळवळीला एवढं मोठं वरदान आजवर मिळालं नव्हतं आणि कमिटीने तेही नाकारलं. आता झूमवर हिशेबाचं पान मोठं करूनही दाखवता येतं, हा भाग वेगळा.

सभासदही काही कमी नाहीत. उपविधींप्रमाणे कोरम म्हणजे दोन-तृतीयांश सभासद किंवा २०, यांतली कमी असेल ती संख्या. अर्ध्या तासात तो न भरल्यास सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरमची अट नाही. म्हणून शहाणा सभासद अर्धा तास उशिरा येतो, हजेरीपटावर सही करतो, गळतीबद्दल एकदा ओरडतो आणि बटाटेवडे संपायच्या आत खाली उतरतो. तहकुबीच्या काळात ग्रुपवरचा प्रत्येक नियम याच मंडळींच्या अंगठ्यांनी पास झाला होता. आपली आठवण त्यांना झाली ती गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी ज्यादा वर्गणीची पावती दारात आली तेव्हा. काम कुणाला दिलं, कोटेशनं किती आली, हे विचारायचं कुठे?

आता आपण येत आहात असं कळतं. १४ दिवसांची नोटीस लागली आहे. विषय क्र. ३ : तहकुबीच्या दोन्ही वर्षांच्या ताळेबंदांना एकत्रित मंजुरी. विषय क्र. ६ : वॉटरप्रूफिंग, सॅनिटायझर, फवारणी व इतर खर्चास कार्योत्तर मंजुरी. यातल्या 'इतर'चा तपशील विचारला तेव्हा "सभेत बोलू" असं उत्तर मिळालं. तरी येताना तेवढं पान घेऊन यावं, ही विनंती.

कळावे,
आपला,
थकबाकी नसलेला एक सभासद

ता. क. : नोटिशीत वेळ रविवारी सकाळी १०ची आहे. सभासद साडेदहाला येतील.