यजमानाला कुणी विचारलं?

सात हजारांचं गाव आणि पाच लाख पाहुणे. अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यात, स्टर्जिस नावाच्या गावी दर ऑगस्टमध्ये दहा दिवस मोटरसायकल रॅली भरते, तेव्हा हे असं चालतं. 2015 मध्ये रॅलीचा पंचाहत्तरावा मेळा भरला, तेव्हाचा अंदाज 7 लाख 39 हजारांचा होता. म्हणजे माणशी शंभर पाहुणे. जगभरच्या बायकर मंडळींची ती पंढरी आहे आणि तिथे जाण्याची ओढ मला पूर्ण कळते. रॅली बंद करा, असं मी म्हणणार नाही. माझं भांडण वेगळं आहे. यजमान ‘यंदा नको’ म्हणाला तर ते कुणीतरी ऐकलं पाहिजे. स्टर्जिसमध्ये ते ऐकायला कुणी उरलेलं नाही.

2020 चंच घ्या. कोरोना भरात होता. नगर परिषदेने गावकऱ्यांचं मत मागवलं, तर 60 टक्क्यांहून अधिक लोकांनी सांगितलं, यंदा पुढे ढकला. परिषदेने रॅली घ्यायचं ठरवलं. कारण काय दिलं? आम्ही नाही म्हटलं तरी लोक येणारच! आणि ते आलेच. दहा दिवसांत साडेचार लाखांवर वाहनं मोजली गेली. मैफलीही झाल्या, खांद्याला खांदा लावून, बहुतेक जण मास्कविना.

परिषदेचं म्हणणं खोटं नव्हतं. पण ते खरं होतं, हीच तर गावाची शोकांतिका आहे. 1938 मध्ये ही रॅली सुरू झाली ती गावातल्याच क्लॅरेन्स ‘पॅपी’ होएल या मोटरसायकल विक्रेत्याच्या आणि त्याच्या क्लबच्या हौसेतून. पहिल्या शर्यतीत नऊ जण धावले. तेव्हा रॅली गावाची होती. पुढे गर्दी वाढली, गावच्या सिटी पार्कात तंबू ठोकणाऱ्यांचा धिंगाणा वाढला, लोक वैतागले आणि 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला गावाने ती जागा तंबूंना बंद केली. पाहुणे घरी गेले नाहीत. वेशीबाहेर सरकले. तिथे खासगी मैदानं उभी राहिली. त्यांतलं सगळ्यात बडं बफेलो चिप. मोठ्या मैफली तिथे, मुक्काम तिथे, बिअर तिथे. गावाने दार लावलं तरी मेळा दाराबाहेर भरतोच.

या बफेलो चिपने 2015 मध्ये आणखी एक पाऊल टाकलं. आपल्या मैदानालाच स्वतंत्र नगरपालिकेचा दर्जा मिळवला. गाव कोर्टात गेलं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने अखेर 2020 मध्ये ती नगरपालिका रद्द ठरवली. तंबूंच्या मैदानाला नगरपालिका व्हावंसं वाटतं, यावरून पैशाचा ओघ कुणीकडे आहे ते ओळखा. गावाचं नावसुद्धा भांडणातून सुटलं नाही. ‘स्टर्जिस’ हा शब्द रॅलीशी संबंधित एका संस्थेने ट्रेडमार्क म्हणून नोंदवला आणि त्या नावाचा माल विकणाऱ्या दुकानदारांना कोर्टात खेचलं. तो ट्रेडमार्क वैध मानण्याइतका पुरावा नाही, असं फेडरल अपील न्यायालयाने 2018 मध्ये सांगितलं.

त्या दहा दिवसांतला मेन स्ट्रीट पाहण्यासारखा असतो, हे मान्य. मागचं चाक फुटपाथला टेकवून दोन्ही कडांना गाड्यांच्या रांगा, रस्त्याच्या मधोमध आणखी रांगा. उन्हाने डांबर इतकं मऊ होतं की साइड स्टँड आत रुततो, म्हणून चकती किंवा चेपलेला बिअरचा कॅन त्याखाली ठेवतात. गाडीची इतकी काळजी घेणारा माणूस बेफिकीर नसतो. यातले बहुतेक पन्नाशी-साठीचे, नोकरी-धंदा सांभाळणारे, गावात पैसा सोडणारे लोक आहेत. काही गावकरी अंगण तंबूंना भाड्याने देतात, काही घरच देतात आणि स्वतः दहा दिवस बाहेरगावी जातात. त्यांची वर्षाची बेगमी होते. पण ज्याचं अंगण नाही, ज्याला रात्रपाळीनंतर झोपायचं आहे, ज्याच्या घरात तान्हं मूल किंवा आजारी म्हातारा आहे, त्याच्या वाट्याला नुसता आवाज येतो. नफा थोड्यांना आणि कानठळ्या सगळ्यांना, ही वाटणी मला मंजूर नाही.

आणि ज्यांना कधीच कुणी विचारलं नाही, ते आणखी वेगळे. गावाच्या ईशान्येला बेअर बट नावाचा डोंगर आहे. लाकोटा लोक त्याला मातो पाहा म्हणतात. लाकोटा आणि शायेन या दोघांनाही तो पवित्र. लोक तिथे उपास करून एकांतात बसतात, झाडांना प्रार्थनेची रंगीत फडकी बांधतात. पायवाटेवर सूचना आहे, फडक्यांना हात लावू नका. ती सूचना आवाजाला लागू नाही. खालच्या रस्त्यावरून गाड्यांच्या झुंडी जातात आणि वर प्रार्थनेला बसलेल्याला त्या ऐकू येतात. 2006 मध्ये डोंगराजवळ भला मोठा बार आणि मैफलींचं मैदान येणार म्हटल्यावर या लोकांनी आंदोलन केलं. काउंटीने बिअरचा परवाना दिला. आपल्या देवळाच्या पायथ्याशी असं झालं असतं तर आपण काय केलं असतं?

हे सगळं दूरचं वाटत असेल तर गोव्यातल्या वागातोरकडे बघा. 2013 मध्ये इंडिया बाइक वीक तिथेच सुरू झाला. रॉयल एनफिल्डचा मेळावाही वर्षानुवर्षं तिथे भरला. आपली मंडळी आंबोली नाहीतर चोर्ला घाट उतरून जातात, काहींनी सायलेन्सर काढून पुंगळी बसवलेली असते आणि हणजूणच्या अरुंद रस्त्यावर, घराच्या सोप्याला खेटून, मुद्दाम फटाके फोडतात. ध्वनिप्रदूषणाचे 2000 चे नियम रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी घालतात. सण-उत्सवासाठी वर्षातून पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याचा अधिकार मात्र राज्य सरकारला आहे. त्या सुटीसाठी गावाची संमती लागते, असं नियमात कुठेच लिहिलेलं नाही. ते लिहायला हवं. मेळा कुठलाही असो, त्या पंचायतीच्या ग्रामसभेचा ठराव असल्याशिवाय परवानगी नको, आणि ठराव नकाराचा असेल तर तोच अंतिम. गाव अजून ‘लोक येणारच’ म्हणण्यावर आलेलं नाही, तोवरच हे होऊ शकतं.

आणि पुण्या-मुंबईच्या, कोल्हापूर-बेळगावच्या दोस्तांनो, नियम बदलेपर्यंत थांबायचं कारण नाही. कंपनीचा सायलेन्सर परत बसवा, आणि गावातून जाताना थ्रॉटल आवरा.