अजिंक्यताऱ्याखाली येणाऱ्या पाहुण्यांस चार समजुतीच्या गोष्टी

तटबंदीचे शहर म्हटले की शहराभोवती भिंत, भिंतीत वेस आणि वेशीत पहारेकरी अशी ज्यांची अपेक्षा असते, त्यांनी साताऱ्यास येण्यापूर्वी आपली मान थोडी सैल करून घ्यावी; कारण येथे शहर खाली आणि तट वर अशी वाटणी पूर्वजांनी केलेली असून, पोवई नाक्यावर उतरून 'किल्ला कुठे आहे हो?' असे विचारणाऱ्या इसमास सातारकर एक अक्षर न बोलता केवळ हनुवटी उचलून उत्तर देतो. हा उद्धटपणा समजू नये. येथे शब्द जपून खर्च होतात, एवढेच.

पुरेशी चौकशी न करता सातारा पाहावयास गेल्यास काय होते, याचा सर्वांत खर्चिक दाखला औरंगजेब बादशहाने घालून ठेवला आहे. डिसेंबर 1699 मध्ये हा वयोवृद्ध पाहुणा तोफखाना, दफ्तरखाना आणि बाजारबुणगे अशा अवाढव्य सरंजामानिशी किल्ल्याच्या पायथ्याशी मुक्कामास उतरला. आणि प्रयागजी प्रभू नामक किल्लेदार काही केल्या दरवाजा उघडीना, तेव्हा त्याने तटाखाली सुरुंग ठासविले, त्यांपैकी एक असा काही उडाला की तटाचा भाग किल्ल्यात न कोसळता, बाहेर चढाईसाठी सज्ज उभ्या असलेल्या बादशाही फौजेच्याच अंगावर आला. अखेर एप्रिल 1700 मध्ये किल्ला हाती आल्यावर बादशहाने केले काय, तर आपल्या मुलाच्या नावावरून त्याचे 'आझमतारा' असे नामकरण केले. ऐतिहासिक वास्तूवर घरच्या माणसांची नावे कोरण्याची जी परंपरा पुढे कोळसा आणि टोकदार दगड यांच्या साहाय्याने रयतेने चालविली, तिचा हा शाही आरंभ असावा. मराठ्यांनी थोड्याच वर्षांत किल्ला परत घेऊन ते नाव पुसून टाकले. तेव्हा ज्या तटावर आलमगिराच्या शहजाद्याचे नाव टिकले नाही, त्यावर आपला बाण घुसलेला बदाम किती काळ तग धरील, याचा विचार तरुण प्रवाशांनी खिळा बाहेर काढण्यापूर्वी करावा.

किल्ल्यावर आता मोटार जाते. मंगळाईदेवीचे दर्शन घ्यावे, तटावरून खालच्या पेठा पाहाव्यात आणि ऊन चढण्यापूर्वी उतरावे. कोणास अंतर विचारल्यास 'हे काय, इथंच की पावणं' असे उत्तर मिळेल. या 'इथंच'मध्ये साधारणतः दीड टेकडी आणि एक ओढा अंतर्भूत असतो.

रेल्वेने येणाऱ्यांस स्वतंत्र ताकीद आवश्यक आहे. 'सातारा रोड' या नावावर विश्वास ठेवून जो उतरतो तो कोरेगाव तालुक्यात उतरतो. आणि जो खुद्द सातारा स्थानकावर उतरतो, तोही शहराबाहेर माहुलीच्या अंगासच उतरतो. तथापि त्याने खंत करू नये, कारण कृष्णा-वेण्णा संगमावरील याच माहुलीत शाहू महाराजांच्या इमानी कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत वाघापासून धन्याचा जीव वाचविणाऱ्या या श्वानास महाराजांनी जहागिरीची सनद आणि पालखीचा मान बहाल केल्याचे ग्रँट डफने नमूद केले आहे. भर उन्हात रिक्षावाल्याशी भाड्याची हुज्जत घालताना ही गोष्ट आठवली की, मागल्या जन्मी आपल्या हातून कोणती सेवा राहून गेली, असा प्रश्न सज्जनांस पडतो.

कासच्या पठाराविषयी विस्ताराने सांगणे प्राप्त आहे. 2012 साली पश्चिम घाटाबरोबर हे पठार जागतिक वारशाच्या यादीत गेले, आणि तेव्हापासून सप्टेंबर-ऑक्टोबरात तिकडे जो लोंढा लोटतो त्यातील निम्म्या मंडळींच्या मनात चित्रपटातील नायिका धावते तसली, कमरेइतकी उंच फुलबाग असते. प्रत्यक्षात जांभ्या खडकावर मातीचा थर बोटभर, म्हणून फुलेही बोटभर! आयुष्यात साहेबासमोरही न वाकलेले गृहस्थ येथे नखाएवढ्या 'सीतेच्या आसवां'समोर कॅमेरा घेऊन साष्टांग पडलेले दिसतात. शेजारीच 'दवबिंदू' नावाची वनस्पती आहे. आपल्याकडे पाहुण्यास खाऊ घालण्याचा शिरस्ता असताना, ही मात्र आलेल्या कीटकरूपी पाहुण्यासच खाते. टोपली कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. ती यंदा का फुलली नाही, अशी तक्रार वनखात्याच्या पहारेकऱ्याकडे गुदरण्यात अर्थ नाही. त्या बिचाऱ्याचा अंमल फुलांवरून चालणाऱ्यांवर आहे, फुलांवर नाही. आगाऊ नोंदणी करावी आणि शक्यतो रविवार टाळावा.

परतताना कंदी पेढे घ्यावेत. अस्सल दुकान कोणते हे विचारू नये. दोन सातारकरांची जुनी मैत्री आपल्यामुळे तुटेल.

कऱ्हाडावरून सांगलीस यावे तो भाषेचा नळ एकाएकी मोठा सुटतो. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' येथेच संस्थानिकांपुढे उभे केले, तेव्हापासून पत्ता सांगणारा सांगलीकरही प्रवेश, स्वगत आणि निर्गमन यांसह पत्ता सांगतो. हे शहर मुळात भाऊबंदकीचे अपत्य! चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांनी 1801 च्या सुमारास चुलत्याशी वाटणी करून मिरज सोडले आणि सांगलीस गादी मांडली; वाटणीच्या भांडणातून एवढे नांदते गाव निघाल्याचे उदाहरण महाराष्ट्रात विरळा. त्यांचा गणेशदुर्ग हा भुईकोट असून त्यात पुढे सरकारी कचेऱ्यांनी ठाण मांडले, त्यामुळे हातात कागद घेऊन किल्ल्यातच उभा राहून 'किल्ला कुठे आहे?' म्हणून विचारणारा मनुष्य येथे नवलाचा ठरत नाही.

गणपतीचे दर्शन, मग भडंग, मग हळदीच्या पेठेतून एक फेरी; पांढरे कपडे या फेरीस वर्ज्य समजावेत. सायंकाळी हरिपुरास कृष्णा-वारणा संगमावर जावे. नाटककार देवलांचे हे गाव. येथील जमिनीतल्या पेवांत हळद वर्षानुवर्षे सुरक्षित राहत असे, ती 2005 च्या महापुराने गाठली.

नदीचा विषय येथे थट्टेचा नाही. पावसाळ्यात सांगलीकर एकमेकांस नमस्काराऐवजी 'आयर्विनला किती फूट?' असे विचारतात. 1929 साली बांधलेल्या त्या पुलापाशी चाळीस फूट म्हणजे इशारा आणि पंचेचाळीस म्हणजे धोका, आणि 2019 साली पाणी सत्तावन्न फुटांवर गेले होते. पाहुण्याने एकोणचाळिसाव्या फुटास परतीचे तिकीट काढावे.